अंगठा उमटेपर्यंत

"आखो एकडाव. दाबू नको, नुसता ठेव," सुलक्षणा म्हणाली.

तानुबाईनं अंगठा पदराला पुसला आणि काडेपेटीएवढ्या यंत्राच्या काचेवर पुन्हा ठेवला. काचेखालचा लाल उजेड लुकलुकला आणि विझला. सुलक्षणाच्या मोबाइलनं नकाराचा तोच बारीक आवाज काढला. ओट्यावर रांगेत बसलेल्या बायांपैकी कुणीतरी म्हणालं, "हाई ते दिनभर चाली."

दहाही बोटं झाली होती. सुलक्षणानं तानुबाईचा हात आपल्या हातात घेतला आणि उजेडाकडं धरून पाहिला. सुलक्षणा गावातलीच सून. बँकेनं तिला सखी म्हणून नेमलं होतं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रोज सकाळी ती यंत्र घेऊन बसायची आणि अंगठ्यावर लोकांचे पैसे काढून द्यायची.

"रेघा झिजी गयात, अक्का. कातडं कोरडं ठाक पडेल शे. यंत्राले रेघा दिसाले पाहिजेत."

"मंग काय करू? इळा लीसन नव्या पाडू का?"

बाया हसल्या. तानुबाई हसली नाही.

महिनाभर ती कांदा कापत होती. डाव्या हाताच्या चिमटीत कांद्याची मान धरायची, उजव्या हातातल्या विळ्यानं पात उडवायची, कांदा पाटीत टाकायचा आणि पुढचा उचलायचा. कांद्याचा रस आणि माती बोटांत मुरत जायची. आता अंगठ्याच्या टोकाला ज्या रेषा दिसत होत्या त्या भेगा होत्या, आणि भेगा रोज जागा बदलत होत्या.

"हात निवांत ठेव," सुलक्षणा म्हणाली. "कांदा नको, भांडा नकोत, गोवऱ्या नकोत, बोटस्ले मेंदीबी नको. रोज खोबरेल लाव. नवं कातडं उनं की रेघा येतीन."

"आखाजीना आधी येतीन?"

सुलक्षणानं यंत्राची काच पुसली. तिनं पुढच्या बाईला हाक मारली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाच्या बोलीनं राबणाऱ्या सालदाराचं साल संपतं. तानुबाईचा नवरा वना रतिलालआबांकडं सालदार होता. मेघाच्या, म्हणजे लेकीच्या लग्नात त्यानं उचल घेतली होती. ती फिटत फिटत आता नऊ हजारांवर आली होती. आखाजीला उचल फिटलेली असली तर सालदार मोकळा होतो. फिटलेली नसली तर कुणी काही बोलत नाही, जेवण होतं आणि दुसऱ्या दिवसापासून पुढचं साल चालू होतं. वनाची अशी किती सालं चालू झाली होती ते तानुबाईनं मोजणं सोडलं होतं. डोंगराखालचं त्यांचं स्वतःचं दोन बिघ्यांचं तुकडं पडीक होतं, कारण पाऊस पडला की वना आबांच्या शेतात असायचा.

या वर्षी बायांच्या बचत गटानं त्या तुकड्यासाठी बियाण्याचं आणि खताचं कर्ज मंजूर केलं होतं. गटाची अध्यक्ष कुंदाबाई. बैठकीत तिनं तोंडावर विचारलं होतं, "कर्ज दीसूत व, पन वावर कोन नांगरी? तुना धनी ते आबाना दारशी." वना मोकळा झाला तरच कर्ज, असं ठरलं. आणि मोकळं होण्यापुरते पैसे सुरतेला कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या भूषणनं आईच्या खात्यात टाकले होते, थोडे थोडे करत, दर महिन्याला. पैसे होते. फक्त ते तानुबाईच्या बोटापलीकडं होते.

दुसऱ्या दिवशी ती साक्रीला बँकेत गेली. जीपमध्ये मागच्या फळीवर, दोन कोंबड्यांच्या शेजारी. बँकेत काचेपलीकडच्या माणसानं पासबुक उघडून पाहिलं.

"मावशी, सही येते का?"

"नही."

"तुमचं खातं सुरतेच्या शाखेतलं आहे. अंगठा लावून पैसे त्याच शाखेत मिळतील. इथं नाही."

नातू झाला तेव्हा ती सुरतेला चार महिने राहिली होती. भूषणनं तेव्हाच तिथं खातं उघडून दिलं होतं. कार्डही आलं होतं म्हणे टपालानं, पण तोवर भूषणनं खोली बदलली होती.

"बोट मशीनवर उमटत नई, साहेब."

"मग त्याला मी काय करू? सही शिका ना." तो वाईट बोलत नव्हता, नुसता मोठ्यानं बोलत होता. मागं उभ्या असलेल्या एका पोरानं तिच्या हाताकडं पाहिलं. तानुबाईनं हात पदराखाली घेतले.

घरी येऊन तिनं वनाला सांगितलं, "उद्यापाशी मी कांदाले जात नई."

वना पाय धूत होता. "आन मजुरीना रोज?"

"रोज बुडी. बुडू द्या."

"भाकरी?"

"तुम्ही थापा."

वनानं तांब्या खाली ठेवला आणि तिच्याकडं पाहिलं. मग तो परातीकडं गेला. त्याची भाकर कडेला जाड आणि मध्ये कच्ची झाली. दोघांनी ती ठेच्याबरोबर खाल्ली. सकाळी आबांच्या गोठ्यात जायच्या आधी त्यानं पुन्हा थापली. ती पहिल्यापेक्षा वाईट झाली, कारण घाई होती.

कांदा कापणाऱ्या बायांचा टेम्पो घरावरून गेला. टेम्पो थांबला, मुकादमिणीनं हाक मारली, तानुबाईनं दारातूनच मान हलवली. टेम्पो गेल्यावर ती ओट्यावर बसली. हातांना खोबरेल लावलेलं. बसल्या बसल्या तिच्या बोटांनी भिंतीचा एक पोपडा काढला. ध्यानात आल्यावर तिनं हात मांडीखाली घेतले. थोड्या वेळानं पाहते तर गोणपाटाची गाठ सुटली होती आणि सुतळी तिच्या बोटांत होती. तिनं हात पुन्हा मांडीखाली घातले. ती उठली, घरात गेली, बाहेर आली. शेळीला पाणी पाजायचं होतं; तिनं बादली कोपरात अडकवून ओढत नेली. निम्मं पाणी तिच्या पायावर सांडलं.

समोरून कुंदाबाई डोक्यावर धुणं घेऊन निघाली होती. "काय व तानु, धनी भाकरी थापस आन तू ओटावर बसस? आते पायबी दाबाले लाव."

"लावस ना. तुना लीलाधरभाऊले दी का उसना?"

"ली जाय! उसना कसाले, कायमना ली जाय."

कुंदाबाई हसत गेली. तानुबाईला वाटलं, हिच्यामागं जावं आणि नदीवर दोन लुगडी तरी आपटावीत. दिवसभर ती अशीच आत-बाहेर करत राहिली. रात्री झोप येईना, अंग दमलेलंच नव्हतं. तिनं अंधारात अंगठ्यावर बोट फिरवून पाहिलं. खरखर कमी झाली होती का? झाली असावी. पुन्हा फिरवून पाहिलं. मग तिला वाटलं, असं फिरवून फिरवूनच नव्या रेघा झिजायच्या.

चार-पाच दिवसांनी दुपारी पश्चिमेकडून ढग आले. उन्हाळ्यातले असे ढग पाहिले की कांदेवाले ताडपत्रीकडं धावतात. आबांच्या वावरात कापलेल्या कांद्याचा ढीग उघडा पडला होता. वना पळतच घराकडं आला. "चाल! बठ्ठा तठेच शेत. ताडपत्री धराले मानसं पुरत नईत."

"मना हात..."

"निसती चाल."

वारा सुटला होता. ढिगावर चढून दोन गडी ताडपत्री ओढत होते आणि वारा ती फुगवून परत उलटवत होता. बाया कडा धरून खाली ओढत होत्या, पोरं दगड आणत होती. तानुबाई हात काखेत घालून उभी राहिली. रतिलालआबांची बायको प्रमिलाबाई बांधावरून ओरडली, "तानुबाई, हात काय गहान ठेयात का व?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. तेवढ्यात एका बाजूची कड सुटली आणि ताडपत्री फडफडत वर गेली. तानुबाईनं हात काखेतून काढले नाहीत. ती धावली आणि त्या कडेवर आडवी पडली. वारा खालून धडका देत होता. ती उचलली जायची, आपटायची, पुन्हा उचलली जायची. तोंडात माती गेली. थेंब पाठीवर खड्यांसारखे पडायला लागले. तिचे दोन्ही हात पोटाखाली होते, मुठी आवळून.

"वना, तुनी बायको काय करी ऱ्हायनी रे?" आबांनी विचारलं. कुणीतरी हसलं. वना ढिगावरून उतरला नाही आणि हसलाही नाही. त्यानं दोर ओढला.

पाऊस लवकर सरला. कांदा वाचला. बांधावर चहा आला तेव्हा आबांनी वनाला जवळ बोलावलं. आबा वाईट माणूस नव्हते. सालदाराच्या घरी आजारपण असलं की न मागता डबा पाठवायचे.

"ते नऊ हजारनी घाई करू नको. पुढला सालमा जिरी जातीन."

"पोऱ्यानी टाक्यात, आबा. आखाजीले दीसू."

"टाक्यात ते कोठे शेत? फोनमधलं-बिनमधलं माले समजत नई. माले नोटा पाहिजेत." त्यांनी बशी तोंडाला लावली. "आन नई जमनं ते नई. तू काय मना परका शे का?"

तानुबाई दोन पावलांवर उभी होती. कप धरायचा नाही म्हणून तिनं चहा घेतला नव्हता. आबांच्या बोलण्यातली माया तिला पाठीवरच्या थेंबांपेक्षा जास्त लागली.

आखाजीच्या आदल्या दिवशी मेघा माहेराला आली. सासरी वर्षभर राबणारी पोर आखाजीला आईच्या घरी येते, तेव्हा तिला काम सांगत नाहीत. पण मेघानं आल्याबरोबर भांडी घासली, शेण काढलं, भाकरी टाकल्या. वनानं तिसरी भाकर मागून घेतली. दुपारी गल्लीत लिंबाला झोका बांधला, पोरींची गाणी चालू झाली. मेघानं वाटीत मेंदी भिजवली, तीत कसलंसं तेल घातलं आणि आईसमोर फतकल मारून बसली.

"आन हात."

"माले कसाले? तुना तू लाव."

"तुना हात मी कव्हय निवांत देखात, माय? आन."

खरंच, कधी? तानुबाईनं हात पुढं केला. मेघा काडीनं तळव्यावर वेल काढायला लागली. गार वाटलं. मेघा सासूच्या गोष्टी सांगत होती, नणंदेची नक्कल करत होती, तानुबाई डोळे मिटून हसत होती. एवढे दिवस ज्या हातांना कुठं ठेवावं ते कळत नव्हतं, ते आता लेकीच्या मांडीवर होते. तळवे झाले. मग मेघानं रिवाजाप्रमाणे दहाही बोटांची टोकं मेंदीनं गच्च भरली, टोपणं घातल्यासारखी, आणि वरून लिंबू-साखरेचं पाणी लावलं.

संध्याकाळी वना आला आणि दारातच थांबला.

"हाई काय करं?"

तानुबाईनं आपल्या बोटांकडं पाहिलं.  मग ती न्हाणीकडं धावली आणि हात पाण्यात बुडवले. लगदा गळून पडला. खाली बोटांची टोकं काळपट लाल झाली होती, विटेसारखी.

"बाबा, काय व्हयनं? माय?" मेघाला कुणीच काही सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर ती रडायला लागली. "माले एक शब्द बोलना व्हता ना तू!"

"मीच इसरनू व," तानुबाई म्हणाली. "तू उनी आन मी यंत्र इसरनू."  वनानं जेवतानाही वर पाहिलं नाही.

आखाजी रविवारी आली होती. सकाळी सुलक्षणा ओट्यावर यंत्र पुसत बसली होती. सणाच्या दिवशी थोडा वेळ बस, असं लोकांनीच तिला सांगितलं होतं. तिनं तानुबाईची बोटं पाहिली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"अक्का! मी काय सांगेल व्हतं?"

"जे व्हयनं ते व्हयनं. लावी देख."

"आधी नुसती शिल्लक देखू." अंगठा. नकार. दुसरा अंगठा. नकार. सुलक्षणानं मऊ फडक्यानं काच पुसली. पहिलं बोट, मधलं बोट. मग अंगठीचं बोट ठेवलं. लाल उजेड लुकलुकला आणि हिरवा झाला. सुलक्षणा मोबाइलकडं बघतच राहिली. "लागनं. लागनं ना! अकरा हजार दोनशे शेत."

मेंदीतल्या तेलानं झालं, की दुपारभर ओल्या लगद्याखाली कातडी मऊ पडली म्हणून, की नुसतं एवढे दिवस त्या बोटाला काम नव्हतं म्हणून, कोण सांगणार. तानुबाई म्हणाली, "काढ. नऊ हजार काढ."

सुलक्षणानं पत्र्याचा डबा उघडला आणि तिचा चेहरा उतरला. आत सतराशे रुपये होते. "काल जितला आनात तितला बठ्ठा वाटाई गयात, अक्का. सन शे ना. बँक उद्या उघडी."

"उद्या साल लागी गये राही."

"मी पैसा कोठून आनू? गावमा नोटा शेत, मनापाशी नईत." सुलक्षणाला स्वतःचाच राग आला होता.

लिंबाकडून पुरुषांचा गलका आला. आखाजीला खानदेशात पत्ते उघड्यावर चालतात, त्या दिवशी कुणी कुणाला अडवत नाही. कुंदाबाई तिथूनच नवऱ्याच्या, लीलाधरच्या नावानं तणतणत येत होती. "सकायपाशी जिंकी ऱ्हायना. मांडीखाले नोटासना ढीग शे. दर साल असंच, दुपारलोंग जिंकस आन सांजले घड्याळबी हारी येस."

सुलक्षणानं तिच्याकडं पाहिलं, मग तानुबाईकडं. "काकू, त्या नोटा तुमना खातामा टाकतस का? मी आते टाकी देस. त्याच नोटा मी अक्काले दी दीसू."

कुंदाबाईला समजायला वेळ लागला नाही. "मना खातामा? त्याना नई?"

"तुमनाच."

"चाल व तानु."

पत्त्यांच्या चादरीजवळ बाया जात नाहीत. कुंदाबाई सरळ गेली. "ओ, घर चाला. निवद दाखाडना शे."

"डाव हुई जाऊ दे," लीलाधर पत्त्यांतून नजर न काढता म्हणाला.

कुंदाबाई चादरीवर मधोमध बसली. पत्त्यांवर.

"वैनी! उठा ना वैनी!" "लीलाधर, उठाड तिले!" "अरे, राजा मना तिना बुडखाले गया!"

"मी उठत नई. आठ हजार द्या, उठस."

"याडी का काय तू? इतला पैसा..."

"नईतं मी आठेच बसस. निवद आठेच आनतीन पोरं."

लीलाधरनं इकडंतिकडं पाहिलं. मदतीला कुणी येईना. उलट जे पैसे हरले होते त्यांना डाव पुढं चालू हवा होता. "दी टाक ना रे बावा, डाव थांबी गया!" एकानं म्हटलं. दुसऱ्यानं म्हटलं, "आठ गयात तरी तुनापाशी उरतस." लीलाधरनं मांडीखालून नोटा काढल्या, अर्ध्या मनानं मोजल्या, दोन नोटा परत ठेवायला गेला. कुंदाबाईनं हात पुढं धरून ठेवला तशा त्याही दिल्या. ती उठली आणि पायाला चिकटलेला पत्ता काढून त्याच्यापुढं टाकला.

ओट्यावर सुलक्षणानं पैसे कुंदाबाईच्या खात्यात भरले. मग यंत्र तानुबाईकडं सरकवलं. तेच बोट. नकार.

तिघी एकमेकींकडं बघत राहिल्या. उन्हं चढली होती. तानुबाईनं बोट तोंडाजवळ नेलं, त्यावर वाफ सोडली, पदराला हलकेच टिपलं आणि काचेवर ठेवलं. दाबलं नाही, नुसतं ठेवलं. हिरवा.

रतिलालआबांच्या अंगणात पितरांची घागर पुजून झाली होती, पंगत बसायची होती. वना गोठ्याच्या भिंतीशी टेकून उभा होता. तानुबाई आली आणि पदराखालून नोटा काढून त्याच्या हातात दिल्या. त्यानं त्या तशाच आबांपुढं धरल्या.

आबांनी आधी मेंदीच्या बोटांकडं पाहिलं, मग नोटांकडं. "सनना दिन देवान-लेवान ऱ्हाऊ दे. उद्या देखसूत. जेवी ल्या."

"आजच ल्या, आबा," तानुबाई म्हणाली. "फोनमधलं समजत नई म्हने तुम्ही, म्हनीसन नोटाच आन्यात."

प्रमिलाबाई पाट मांडता मांडता थांबली. आबांनी नोटा घेतल्या, बोट जिभेला लावून मोजल्या, पुन्हा मोजल्या. "सुरतना पोऱ्यानी टाक्यात?"

"हां."

"दोन बिघामा काय पिकाडशी रे वना? तठे पानी नई, काही नई."

"देखसूत," वना म्हणाला.

आबांनी नोटा बंडीच्या खिशात घातल्या. बराच वेळ ते खिसा वरून चाचपत राहिले. "बठ," शेवटी म्हणाले. "जेव आते." पंगतीत आमरस होता, पुरणपोळी होती. वना खाली मान घालून जेवला. प्रमिलाबाईनं तानुबाईच्या ताटात न विचारता दुसरी पोळी वाढली.

निघताना वनाला दिसलं, गोठ्यातल्या तांबड्या बैलाच्या पुढच्या पायात दावं अडकलं होतं. तो सवयीनं वळला, वाकला, पायाला हात घातला.

"ऱ्हाऊ दे, वना," मागून आबा म्हणाले. "आते दुसरा मानूस देखी."

वना वाकलेला तसाच थांबला. बैलानं ओळखून नाक त्याच्या खांद्याला लावलं. मग तो सरळ झाला. घराकडं चालताना त्यानं हात आधी मागं बांधले, मग पुढं घेतले, मग सदऱ्याच्या खिशात घातले, मग काढले.

"काय व्हयनं?" तानुबाईनं विचारलं.

"काही नई. हातस्ले काही सुचत नई."

तानुबाई चालता चालता हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्यानं हसली.

"मी काढात ना इतला दिन. तुम्ही आजनी सांज ते काढा."